माकडतापाची शंका आली तर काय करावे : मुलांच्या काळजीसह

डिसेंबर ते मे या काळात दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यातील सत्तरी या भागांत एखाद्याला अचानक थंडी वाजून ताप आला, तर घरच्यांनी गोळी शोधण्याआधी एक प्रश्न विचारावा : गेल्या आठ दिवसांत हा माणूस कुठे कुठे गेला होता? काजूच्या बिया वेचायला, भाजावळीसाठी (पेरणीपूर्वी जमीन भाजण्यासाठी) पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा गोळा करायला, लाकूडफाटा आणायला किंवा गुरे घेऊन रानात गेला असेल, तर हा ताप माकडताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य आजार, असू शकतो. रुग्ण हे आपण होऊन सांगत नाही, कारण रानात जाणे हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग असतो, आणि गोचीड चावल्याचे बहुतेकांना कळलेलेही नसते.

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली आणि पाठोपाठ आसपासचे गावकरी तापाने आजारी पडले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. सत्तरीत हा आजार २०१५ च्या सुमारास आणि सिंधुदुर्गात २०१६ मध्ये ठळकपणे समोर आला. हा विषाणू मुख्यतः हीमॅफिसॅलिस जातीच्या गोचिडी वाहून नेतात. त्यांची अर्धवट वाढलेली पिल्ले माणसाला अधिक चावतात आणि ती तिळाहूनही लहान असतात. गुरांच्या कानाला लोंबणारी टपोरी गोचीड डोळ्यांसमोर ठेवून अंग तपासले, तर खरी गोचीड नजरेतून सुटते. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवण्याची गरज नसते.

रानातून आल्यावर कपडे अंगणातच काढून गरम पाण्यात टाकावेत आणि साबणाने आंघोळ करावी. मुलांचे अंग चांगल्या उजेडात तपासावे. कानांमागे, केसांच्या मुळाशी, काखेत, जांघेत, गुडघ्यांच्या मागे आणि चड्डीच्या इलॅस्टिकखाली बोटांची टोके फिरवली, की डोळ्यांना न दिसलेला कण हाताला लागतो. गोचीड रुतलेली आढळल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने ती त्वचेला अगदी लगटून पकडावी आणि पीळ न देता, एकसारखा जोर लावून सरळ वर ओढावी. रॉकेल, चुना-तंबाखू किंवा विडीचा चटका हे उपाय करू नयेत, कारण त्यांत वेळ जातो, त्वचा भाजते आणि गोचीड तेवढा वेळ चिकटून राहते. काढलेली गोचीड नखाने चिरडू नये. पारदर्शक चिकटपट्टीत बंद करून त्यावर तारीख लिहावी. चावलेली जागा आणि हात साबणाने धुवावेत.

चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत लक्षणे सुरू होतात. ताप एकदम चढतो, कपाळ असह्य ठणकते, कंबर आणि पोटऱ्या पिळून काढल्यासारख्या दुखतात, डोळे लाल होतात. उलट्या किंवा जुलाबही होऊ शकतात. काही रुग्णांच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. इंटरनेटवर गोचिडीच्या आजाराविषयी शोधले, तर लाल कड्यासारख्या चट्ट्याची चित्रे पुढे येतात. तो अमेरिका-युरोपात आढळणारा लाइम रोग आहे आणि माकडतापात तसे कडे उमटत नाही. मात्र तापाबरोबर तळहात-तळपायांवरही पुरळ असेल, तर तो गोचिडीमुळेच होणारा, रिकेट्सिया नावाच्या जिवाणूंचा ताप असू शकतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चांगले लागू पडते आणि गरज असेल तेव्हा डॉक्टर ते लहान मुलांनाही देतात.

माकडतापावर विषाणूला मारणारे खास औषध नाही, आणि कर्नाटकात दिली जाणारी जुनी लसही पुरेशी परिणामकारक न ठरल्याने बंद झाली. याचा अर्थ उपचार नाहीत असा नव्हे. सुमारे तीन ते पाच टक्के रुग्ण दगावतात, आणि वेळेवर मिळालेले सलाइन, रक्तदाबावरील लक्ष व गरज पडल्यास रक्तघटक यांचा रुग्ण वाचवण्यात मोठा वाटा असतो. पहिल्या काही दिवसांत रक्ताच्या नमुन्यात विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी होते, त्यानंतर प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्या-दुसऱ्या दिवशीच जावे आणि ‘रानात गेलो होतो’ हे वाक्य न विसरता सांगावे. जाता-येता घेतलेले ‘तापाचे इंजेक्शन’ येथे घातक ठरू शकते, कारण प्लेटलेट कमी झालेल्या रुग्णाच्या स्नायूत टोचल्याने आत रक्तस्राव होतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही टाळावेत.

तापासाठी पॅरासिटामॉल चालते, परंतु मुलांच्या बाबतीत बाटलीवरील आकडा वाचल्याशिवाय ते देऊ नये. एका मात्रेत वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन मात्रांमध्ये सहा तास आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत, असे प्रमाण धरावे. बारा किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागतात : पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे साडेसात मिलिलिटर, पण २५० मिलिग्रॅमच्या सिरपचे सुमारे साडेतीनच. घरातला चमचा याला उपयोगी नाही. बाटलीसोबतचे मापच घ्यावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणतीही मात्रा देऊ नये.

आता वनौषधींविषयी. कोणत्याही वनस्पतीने माकडताप बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. मुलाला बरे वाटावे आणि पोटात पाणी जावे एवढाच त्यांचा उपयोग मानावा. वर्षावरील मुलाला तुळशीची चार पाने आणि आल्याचा छोटा तुकडा घालून उकळलेले पातळ पाणी कोमट करून थोडे थोडे देता येते. एक वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध चाटवू नये. तांदळाची पेज किंवा नाचणीची पातळ आंबील उत्तम. उलट्या होत असतील, तर ओआरएसचे पाणी दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजावे; वाटीभर एकदम दिले की ते उलटून पडते. पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्यातच पूर्ण पुडी मिसळावी.

काही गोष्टी प्रेमापोटी दिल्या जातात आणि अपाय करतात. प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा कडू रस पाजला, की आधीच ओकणारे मूल आणखी ओकते. वेखंड उगाळून चाटवल्यानेही उलट्या होतात. माकडतापात यकृताला सूज येऊ शकते आणि गुळवेल घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडल्या आहेत. त्यावर वाद असला, तरी या आजारात मुलाला गुळवेल न देणेच माझ्या मते शहाणपणाचे. कडुनिंबाचे तेल पोटात गेले तर तान्ह्या बाळांच्या मेंदूवर व यकृतावर परिणाम होतो आणि कापराने झटके येतात. घरातील वैद्यांनी काही दिले असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

मूल गुंगीत जाऊ लागले, सहा तासांत लघवी झाली नाही, हातपाय थंड पडले, शौच डांबरासारखे काळे झाले, कुठूनही रक्त आले किंवा झटका आला, तर घरी थांबू नये.

ताप उतरल्यावर घरचे निर्धास्त होतात, पण काही रुग्णांना आठ-पंधरा दिवसांनी तो पुन्हा येतो, आणि या वेळी डोके फार दुखते, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते किंवा दिसायला अंधूक होते. म्हणून स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर पहिल्या तापाच्या तारखेपासून चार आठवड्यांपर्यंत रोजचा ताप लिहीत राहावा आणि पुन्हा दवाखान्यात जाताना ते पान फाडून सोबत न्यावे.