हेल्मेटचा पट्टा आधी, सक्तीचा वाद नंतर

मोठ्या माणसांना सायकल शिकवायचं काम मी अकरा वर्षं करते आहे. चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच सायकलवर बसणारी माणसं माझ्याकडे येतात आणि पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारतात: मी पडेन का, आणि हेल्मेट घालायलाच हवं का? पडाल, एखाद-दोनदा नक्की पडाल, हे मी लगेच सांगून टाकते. हेल्मेटचं उत्तर द्यायला मात्र वेळ लागतो, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. माझ्या डोक्याला हेल्मेटचा उपयोग आहे का, हा एक. ते न घालणाऱ्याला सरकारने दंड करावा का, हा दुसरा. पहिल्याला हो म्हटलं म्हणून दुसऱ्यालाही हो म्हणावंच लागतं असं नाही. आणि सक्तीवर तावातावाने बोलणाऱ्या कितीतरी जणांच्या डोक्यावरचं हेल्मेट टोपीसारखं मागे सरकलेलं मी पाहिलंय. म्हणून माझ्या वर्गात आधी पट्टा नीट होतो, मग वाद.

आधी माझं पडणं सांगते. चार वर्षांपूर्वी सकाळी, पाऊस नुकताच थांबलेला असताना, एका वळणावर ओल्या पानांवरून माझं पुढचं चाक सटकलं. वेग अगदी कमी होता, शेजारून कुणी पळत असतं तर माझ्या पुढे गेलं असतं. कोपर खरचटलं आणि उजवं कानशील फुटपाथच्या कडेवर आपटलं. उठले, घरी आले, हेल्मेट खिडकीतल्या उन्हात धरून पाहिलं. बाहेरच्या कवचावर नखाएवढा ओरखडा, बाकी काही नाही. मग आतल्या मऊ गाद्या काढल्या. थर्माकोलमध्ये हवेच्या एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत केसाएवढी बारीक चीर गेलेली होती, आणि तिच्या शेजारी अंगठा टेकवला तर तिथला भाग दबून खोलगट झालेला लागला. त्या हेल्मेटने माझा जीव वाचवला असं मी म्हणत नाही. एक मार त्याने स्वतःवर घेतला, एवढं त्या चिरेवरून दिसतं.

हेल्मेटचं सगळं काम त्या थर्माकोलमध्ये आहे. आपटल्यावर तो चिरडतो, त्यामुळे डोकं एका झटक्यात थांबायच्या ऐवजी काही मिलिमीटर पुढे जात जात थांबतं आणि मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. पण चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं तरी बाद करायचं. माझ्या त्या हेल्मेटचे पट्टे मी त्याच दिवशी कापले, चुकून कुणी घालायला नको. आता ते वर्गात हातोहात फिरतं. जुनं, कुणी वापरलेलं हेल्मेट घेऊ नका म्हणते ते याचसाठी: त्याने आधी काय सोसलंय हे वरून कळत नाही.

नवं घेताना आतलं लेबल वाचा. युरोपचं मानक ईएन 1078, अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाचं म्हणजे सीपीएससीचं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं एएस/एनझेडएस 2063. यातलं किंवा तुमच्या देशाचं मानक लिहिलेलं नसेल तर ठेवून द्या. अमेरिकेच्या चाचणीत हेल्मेट घातलेलं खोटं डोकं सुमारे 2 मीटरवरून सपाट पोलादावर टाकतात, युरोपच्या चाचणीत साधारण दीड मीटरवरून. म्हणजे सायकलवरून आपलं आपण पडलो आणि डोकं जमिनीवर आपटलं, तर त्या माराचा विचार यात केलेला आहे. भरधाव ट्रकच्या धडकेला पुरेल अशी हमी यात नाही, आणि कुणी ती देत असेल तर विश्वास ठेवू नका. महाग हेल्मेटलाही हीच चाचणी असते. जास्तीचे पैसे बऱ्याचदा कमी वजनाचे आणि जास्त भोकांचे असतात.

एका गोष्टीसाठी मात्र थोडे जास्त पैसे घालायला माझी ना नाही. पडताना डोकं बहुतेक वेळा तिरकं आपटतं आणि त्यामुळे मेंदूला पीळ बसतो. स्वीडनमध्ये निघालेल्या मिप्स या पद्धतीत हेल्मेटच्या आत एक पातळ अस्तर असतं, ते धक्क्याच्या वेळी 10 ते 15 मिलिमीटर सरकतं आणि त्या पिळाचा जोर कमी करतं. पण मापात न बसणारं मिप्सवालं घेण्यापेक्षा मापात बसणारं साधं घ्या. मोटारसायकलचं हेल्मेट मात्र सायकलवर नको. पॅडल मारताना त्यात डोकं उकडतं, मान भरून येते आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाज दबतो.

माप घेताना शिवणकामाचा टेप भुवयांच्या बोटभर वरून, मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. माझं 55 सेंटीमीटर आहे. दोन मापांच्या मधे येत असाल तर दोन्ही घालून पाहा: पट्टा न लावता खाली वाका, गळून पडलं तर ते तुमचं नाही.

आता बसवायचं. इथे मी घाई करू देत नाही. हेल्मेट डोक्यावर आडवं, सपाट बसलं पाहिजे, पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर. नजर वर केली की ती कड जेमतेम दिसायला हवी. मग मागची फिरकी फिरवून घट्ट करा, कपाळ दुखणार नाही इतपतच. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीच्या अगदी खाली एकत्र आले पाहिजेत, इंग्रजी व्हीसारखे, आणि कान त्या व्हीच्या मधोमध. पट्ट्यांवरची ती छोटी सरकपट्टी वर-खाली करायचा कंटाळा सगळ्यांना येतो, आणि नेमकी तीच राहून जाते. शेवटी हनुवटीखालचं बक्कल. पट्टा आणि गळा यांत एक, फार तर दोन बोटं जावीत. आता मोठी जांभई आल्यासारखं तोंड उघडा: हेल्मेट टाळूवर खाली ओढल्यासारखं वाटलं तर पट्टा बरोबर आहे. मग तळहात पुढच्या कडेखाली लावून वर ढकला. कपाळ उघडं पडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करा. पडताना कपाळ आणि कानशील पुढे येतात, आणि मागे सरकलेलं हेल्मेट तीच जागा मोकळी सोडतं.

माझ्याकडे साठी ओलांडलेल्या एक बाई शिकत होत्या. "माझ्या डोक्यावर हे टिकतच नाही हो," म्हणून तीन दिवस वैतागल्या होत्या. पट्टा घट्ट केला, माप बदललं, काही होईना. चौथ्या दिवशी मला दिसलं, त्यांचा अंबाडा बरोबर मागच्या फिरकीखाली येत होता आणि हेल्मेट पुढे ढकलत होता. अंबाडा सोडून मानेवर सैल वेणी घातली आणि हेल्मेट बसलं. केस लांब असतील तर आधी हे पाहा. जाड टोपीचीही तीच गत होते.

लहान मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी मी पुन्हा पुन्हा सांगते. मूल सायकलवरून उतरलं की हेल्मेटही उतरलं पाहिजे. घसरगुंडी, शिडी, झाड यांच्या फटीत हेल्मेट अडकून पट्ट्याने गळा आवळला गेल्याने मुलं दगावली आहेत. युरोपात ईएन 1080 हे मानक त्यासाठीच आहे: त्यातलं हिरवं बक्कल ओढ बसली की आपोआप सुटतं. आणि मुलाला हेल्मेट घालायला सांगून स्वतः उघड्या डोक्याने शेजारी सायकल चालवू नका. मूल तुमच्याकडे बघत असतं.

सांभाळायचं सोपं आहे. साधा साबण आणि पाणी, थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको. उन्हात बंद गाडीत ठेवू नका. एकदाही आपटलं नसलं तरी 5 ते 10 वर्षांत बदला, असं सीपीएससी सांगते. तयार झाल्याची तारीख आतल्या चिठ्ठीवर असते.

आता सक्ती. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1 जुलै 1990 ला सगळ्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं, न्यूझीलंडने 1 जानेवारी 1994 ला. व्हिक्टोरियात हेल्मेट घालणारे झपाट्याने वाढले, डोक्याच्या दुखापती घटल्या. त्याच काळात किशोरवयीन मुलांचं सायकल चालवणंही घटलं, आणि दुखापती किती हेल्मेटमुळे कमी झाल्या आणि किती सायकली कमी झाल्यामुळे, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. मेलबर्नमधली भाड्याच्या सायकलींची योजना 2010 मध्ये सुरू झाली आणि 2019 मध्ये बंद पडली. तिला हवा तसा प्रतिसाद न मिळण्याच्या कारणांत हेल्मेटसक्तीचं नाव कायम येत राहिलं. अमेरिकेतलं सिएटल शहर ज्या किंग काउंटी या जिल्ह्यात आहे, तिथला हेल्मेटसक्तीचा जुना नियम फेब्रुवारी 2022 मध्ये मागे घेतला गेला, कारण दंड बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांनाच जास्त होत होता. ही गोष्ट मला फार लागली. डोकं वाचवण्यासाठी केलेला नियम, आणि तो जाऊन पडला ज्याच्याकडे घर नाही त्याच्या खिशावर.

दुसरीकडे, हेल्मेटचा उपयोगच नाही म्हणणाऱ्यांचंही मी ऐकून घेत नाही. 2016 मध्ये ऑलिव्हियर आणि क्रायटन या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, त्यात 64,000 पेक्षा जास्त जखमी सायकलस्वारांची नोंद होती. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला गंभीर दुखापत होण्याची शक्यता सुमारे 69 टक्क्यांनी कमी निघाली. फक्त हा आकडा अपघात झालेल्या माणसाच्या डोक्याबद्दल बोलतो. सक्ती आली तर किती जण सायकल घरीच ठेवतील, हे तो सांगत नाही. सक्तीवर मत बनवताना हा दुसरा आकडा मागा, आणि दंड नेमका कुणाला होणार हेही विचारा. नेदरलँड्समध्ये बहुतेक लोक उघड्या डोक्यानेच फिरतात, पण त्यांना वेगळे सायकलमार्ग आहेत. तुमचा रस्ता तसा नसेल तर त्यांचं उदाहरण तुमच्या डोक्याला लागू नाही.

एक अभ्यास सारखा माझ्या तोंडावर फेकला जातो. 2007 मध्ये इयन वॉकर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने स्वतः सायकल चालवून मोजलं, की हेल्मेट घातलं की गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर जवळून जातात. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तीच मोजमापं पुन्हा तपासून या निष्कर्षावर शंका घेतली. तेवढ्यावर हेल्मेट काढून ठेवू नका.

माझं मत स्पष्ट आहे. मुलांसाठी कायदा असावा. शर्यत किंवा वर्ग असेल तर तो भरवणाऱ्याने नियम करावा, मीही केलाय. जागतिक सायकलिंग संघटना यूसीआयने शर्यतीत हेल्मेट सक्तीचं केलं ते 2003 मध्ये, आंद्रेई किविलेव्ह हा कझाक सायकलपटू फ्रान्समधल्या पॅरिस-नीस शर्यतीत पडून मरण पावल्यावर. त्याआधी 1991 मध्ये स्वारांनीच तसा नियम हाणून पाडला होता. पण रोज कामाला जाणाऱ्या मोठ्या माणसाला दंड करू नये. जपानने 1 एप्रिल 2023 पासून सगळ्यांनी हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलं आणि दंड ठेवला नाही. मला ती वाट पटते. उपचाराचा खर्च शेवटी सगळ्यांवर पडतो हा मुद्दा खरा आहे, पण सायकल सोडून बसून राहिलेल्या माणसाच्या आजारपणाचा खर्चही सगळ्यांवरच पडतो.

माझा दादा वीस वर्षं बिनहेल्मेटचा फिरतोय. सुरुवातीला मी भांडायचे, मग आकडे सांगायचे, तो हसून निघून जायचा. दोन वर्षांपूर्वी मी बोलायचं थांबवलं आणि ते चीर गेलेलं हेल्मेट एकदा त्याच्या हातात दिलं. त्याने बराच वेळ अंगठा त्या खोलगट जागेवर फिरवला, काही बोलला नाही. गेल्या महिन्यात फोन आला, "माप कसं घेतात गं?" त्याच संध्याकाळी टेप घेऊन गेले. 58 सेंटीमीटर.