बडोद्यात नव्याने आलात ना? विकिपीडियावर एक ओळ लिहा

जून उजाडला की आमच्या मांजलपूरच्या गल्लीत एखादा तरी टेम्पो येऊन थांबतो. गाद्यांच्या वळकट्या, पिंप, तुळशीची कुंडी, आणि पुढच्या सीटवर देवांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली बाई. कोणाची कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या बाजूला बदली झालेली असते, कोणाच्या मुलीला इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो. १९९६ साली मी कराडहून अशीच आले. दूधवाला कोणता, शाळा कोणती, भाजी कुठे बरी मिळते हे सांगायला शेजार पुरतो. मी नव्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगते : हे शहर आपलेसे करायचे असेल तर मराठी विकिपीडियावर त्याच्याबद्दल लिहायला लागा.

कारण साधे आहे. तिथे एक वाक्य लिहायचे म्हटले तरी जागेवर जावे लागते, पुस्तक शोधावे लागते, कोणाला तरी विचारावे लागते. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यावरून मी कित्येक वर्षे ये-जा केली. जुनी लाकडी इमारत, एवढेच माझ्या लेखी होते. पानावर काही भर घालावी म्हणून वाचू लागले तेव्हा कळले की हा भाऊ तांबेकरांचा वाडा, ते १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, आणि आतल्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रे आहेत : महाभारतातले प्रसंग, कृष्णलीला, अगदी इंग्रज-मराठे लढाईसुद्धा. त्या दिवसापासून रावपुऱ्यातून जाताना मी मान वर करून चालते.

आता कामाचे बोलू. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, महाराष्ट्र दिनी. तो लिहिणारे तुमच्या-माझ्यासारखेच लोक. परवानगी लागत नाही, पैसे पडत नाहीत. आधी खाते काढा. नाव खरेच हवे असे नाही, पण दुकानाचे, कंपनीचे किंवा मंडळाचे नाव घेऊ नका; ती जाहिरात समजतात आणि खाते बंद होते. एकदा काढलेले खाते गुजराती विकिपीडियावर, कॉमन्सवर (हा छायाचित्रांचा साठा), विकिस्रोतावर (हा जुन्या पुस्तकांचा साठा), सगळीकडे चालते. बडोदेकराला याचा फायदा फार आहे, तो पुढे येईल.

मराठी टंकनाची भीती बाळगू नका. फोनवर तुम्ही घरच्यांना मराठीत संदेश पाठवत असाल, तर तोच कळफलक इथे चालतो. संगणकावर संपादनाच्या चौकटीतच मराठीची सोय आहे. कंट्रोल आणि एम दाबले की ती चालू-बंद होते.

पहिले आठ दिवस धूळपाटीवर घालवा. लहान मुलांना अक्षरे गिरवायला धूळपाटी देत, तसे हे सरावाचे पान. तिथे काहीही लिहा, खोडा, मोडा, कोणी रागावत नाही. मग शुद्धलेखनाच्या चुका शोधा, तुटलेली वाक्ये जोडा. हे काम हलके समजू नका. मी पहिला महिनाभर फक्त अनुस्वार आणि वेलांट्या दुरुस्त करत होते, आणि त्यातच पानाची रचना, वर्ग, साचे, दुवे हे सगळे डोळ्यांखालून गेले. बदल केला की ‘काय बदलले’ हे सांगणारी छोटी जागा असते, ती रिकामी सोडू नका. ‘शुद्धलेखन’ असा एक शब्दही मागून येणाऱ्याला पुरतो.

आता ज्या ठिकाणी नवा माणूस हमखास अडखळतो तिथे येते. मीही तिथेच अडखळले.

इथे राहायला लागलात की सयाजीराव महाराजांबद्दल मनात आदर दाटतोच. नाशिककडच्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येतो आणि १९३९ पर्यंत राज्य करतो. त्याच्या खुणा तुम्ही रोज ओलांडता. मी भारावून लिहिले : ‘लोकोत्तर, द्रष्टे, प्रजेचे कैवारी राजे.’ दुसऱ्या दिवशी ती ओळ गायब. पानातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या इतिहासाच्या पानावर काढणाऱ्याने तीनच शब्द ठेवले होते : ‘विशेषणे, संदर्भ नाही.’ मला फार लागले ते. प्रत्येक लेखाला जोडलेले चर्चा पान असते, तिथे मी विचारले, तेव्हा त्या सदस्याने शांतपणे उत्तर दिले की ‘द्रष्टे’ कशावरून, तेवढे सांगा. मग मी लिहिले की १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. खाली पुस्तकाचे नाव, पृष्ठ क्रमांक. ती ओळ अजून तिथे आहे. आणि खरे सांगते, तीन विशेषणांपेक्षा त्या दोन सालांनी महाराज मोठे दिसतात.

तटस्थ दृष्टिकोन म्हणतात तो हाच, पण तो इथे संपत नाही. ज्या शहराचे कौतुक लिहायचे, त्याच शहराने केलेलेही लिहायचे. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी ते इथे परतले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावे लागले, आणि ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले, त्यांना तिथून बाहेर काढले. राहायला जागा न मिळालेला तो माणूस कमाटी बागेत येऊन बसला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. शिष्यवृत्तीची ओळ लिहायची आणि धर्मशाळेची गाळायची, हे चालणार नाही. घर शोधत तुम्ही आत्ताच या गावात हिंडला असाल, तर ही दुसरी ओळ किती महत्त्वाची आहे हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

संदर्भ कुठून आणायचे? या बाबतीत बडोद्यासारखे गाव नाही. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, त्यांनी संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभे केले, खेड्यांत लाकडी पेट्यांमधून फिरती ग्रंथालये पाठवली. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यातलेच. तिथे मराठी पुस्तके आहेत, गुजराती आहेत, आणि आपल्याकडे सहसा हाताला न लागणारी जुनी संस्थानी प्रकाशनेही. सदस्य व्हा. वही घेऊन जा आणि प्रत्येक टिपणाशेजारी लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ एवढे लगेच लिहून ठेवा. नंतर लिहू म्हटले की दुसरी खेप ठरलेली.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातवा खंड बडोद्यावर आहे, १८८३ चा. जुने रस्ते, तळी, पेठा यांसाठी उत्तम. पण त्यातली लोकसंख्या आजची म्हणून लिहू नका, आणि त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्याने एखाद्या जातीबद्दल मारलेला शेरा वस्तुस्थिती म्हणून तर मुळीच उचलू नका. वर्तमानपत्र चालते, विद्यापीठाचा प्रबंध चालतो, नामांकित प्रकाशनाचे पुस्तक चालते. कोणाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश चालत नाही, मग तो कितीही वेळा पुढे आलेला असो.

इथल्या मराठी माणसांसाठी एक नाजूक गोष्ट. दांडिया बाजारात, वाडीत तुमची ओळख वाढेल तसतशी जुनी घरे भेटतील. सरदार, शिलेदार, कारभारी यांचे वंशज. कपाटातून मोडी कागद निघतील, वंशावळ निघेल, आणि ‘तुम्ही विकिपीडियावर लिहिता ना, आमच्या घराण्याचे पान करा’ असे प्रेमाने सांगतील. नाही म्हणायला जड जाते. पण घरातला अप्रकाशित कागद तिथे संदर्भ म्हणून चालत नाही, कारण दुसरा कोणी तो तपासू शकत नाही. आणि आपल्याच घराण्याचे, संस्थेचे, कंपनीचे पान आपणच करणे योग्य नाही. मी त्यांना सांगते : कागद कोरडे ठेवा, वाळवी लागू देऊ नका, मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाला दाखवा. त्याने ते अभ्यासून छापले, की मग कोणीही ते पृष्ठ क्रमांकासह वापरू शकेल. कागद खरे असतील तर ही वाट लांब असली तरी पक्की आहे.

प्रताधिकाराचे, म्हणजे कॉपीराइटचे, नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवायचा नाही, शब्द इकडेतिकडे करूनही नाही. वाचायचे, पुस्तक मिटायचे, मग आपल्या वाक्यात लिहायचे. मराठी विश्वकोशालाही हाच नियम : संदर्भ द्या, मजकूर उचलू नका. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. म्हणून १९३७ मध्ये वारलेल्या केतकरांचा ज्ञानकोश आता मोकळा आहे, पण त्यातली माहिती शंभर वर्षे जुनी आहे याचे भान ठेवून वापरायची.

छायाचित्रांत हाच नियम जरा फिरतो, म्हणून उदाहरणच देते. न्यायमंदिर, लक्ष्मीविलास, सूरसागरातली शंकराची मूर्ती यांचा फोटो तुम्ही स्वतः काढला तर कॉमन्सवर चढवता येतो. सार्वजनिक जागी कायम असलेल्या इमारती आणि शिल्पे यांना आपला कायदा तशी मुभा देतो. भिंतीवरच्या चित्रांना ती मुभा नाही. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. त्यांचे निधन १९६६ मध्ये झाले, म्हणजे २०२६ हे वर्ष संपेपर्यंत त्या चित्रांचे फोटो चढवायचे नाहीत. तांबेकर वाड्यातली चित्रे एकोणिसाव्या शतकातली, त्यांना ही अडचण नाही. मात्र कुठेही आत फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. आणि गूगलवर सापडलेला फोटो कधीही नाही.

गुजराती अजून येत नसेल तर घाबरू नका, सहा महिन्यांत वाचता येते. लिपी आपलीच, फक्त शिरोरेषा काढलेली. तुम्हाला दोन्ही भाषा आल्या की तुमच्यासारखा लेखक पुण्या-मुंबईत सापडणार नाही. वडोदरा जिल्ह्यातली गावे, वावी म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, मेळे, नद्या यांवर गुजरातीत खूप काही छापलेले आहे आणि मराठीत त्यातले थोडेच आले आहे. विकिपीडियावर भाषांतराची सोय आहे, पण यंत्राने दिलेले वाक्य तपासल्याशिवाय प्रकाशित करू नका. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा, फुरसतीत असलेला. आपल्याकडे त्याचा काय अर्थ होतो ते तुम्ही जाणता. मूळ लेखातले संदर्भही उघडून पाहा. तिथली चूक आपण मराठीत आणली तर ती आपली झाली.

नावांचा घोळ नव्या माणसाला छळतो. आपण बोलताना बडोदा, जुन्या पुस्तकांत बडोदे, पाटीवर वडोदरा. भांडत बसू नका. एका नावाचे पान असले की बाकीची नावे पुनर्निर्देशनाने त्याच पानावर आणता येतात.

तुमचे लिखाण कोणी काढले तर लगेच परत टाकू नका. दोघांनी आलटून पालटून एकमेकांचे खोडायचे, याला संपादन युद्ध म्हणतात आणि त्यात शेवटी प्रचालक, म्हणजे देखरेखीचे अधिकार असलेले सदस्य, पान कुलूपबंद करतात. चर्चा पानावर जा, ‘अहो’ म्हणून बोला, शेवटी चार टिल्डा टाका म्हणजे तुमची सही आणि वेळ उमटते. मोठा प्रश्न असेल तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, मांडा. कधी कधी बदल करणारा माणूस नसतोच, सांगकाम्या असतो. ठरावीक कामे आपोआप करणारा प्रोग्राम. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, त्याला चालवणाऱ्याच्या चर्चा पानावर लिहा. हयात व्यक्तीबद्दल मात्र विशेष जपा : वाईट मजकूर भक्कम संदर्भाशिवाय एक क्षणही ठेवायचा नाही, मग ती व्यक्ती तुम्हाला आवडो न आवडो.

काय लिहावे हे सुचत नसेल तर आधी स्वतःच्या गावाचे पान उघडा. महाराष्ट्रातल्या असंख्य खेड्यांची पाने दोन ओळींवर थांबलेली आहेत. तालुका कोणता, नदी कोणती, जनगणनेत लोकसंख्या किती, जवळचे रेल्वे स्थानक कोणते. ‘गावातील प्रतिष्ठित’ अशी यादी करू नका. आमच्या समोर गेल्या वर्षी नांदेडकडचे एक कुटुंब आले, त्यातल्या आजींनी गावच्या नदीची ओळ नातवाकडून लिहून घेतली. जनगणनेच्या पुस्तिकेत ती नदी सापडेपर्यंत दोघे तीन दिवस शोधत होते. आता नातू विश्वामित्रीच्या पानावर आहे, तिथल्या मगरींचा संदर्भ हवा म्हणून येत्या रविवारी मी त्याला मांडवीला घेऊन जाणार आहे. तुम्हीही या. वही आणि पेन्सिल बरोबर ठेवा.