अ‍ॅग्रो असो की कंट्रोल, या चुका टाळा

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण मला विचारतो, अ‍ॅग्रो डेक (झटपट हल्ले करून मारणारा पत्त्यांचा संच) चांगला की कंट्रोल (समोरच्याला थोपवून सावकाश जिंकणारा)? दोन्ही चांगले. डाव जातो तो बहुतेक वेळा सवयीमुळे, आणि या सवयी मी वर्षानुवर्षं त्याच त्या बघत आलोय.

हातातलं सगळं टेबलावर ओतणं

या सवयीमुळे जितके जिंकलेले डाव हातचे गेलेले पाहिलेत, तितके दुसऱ्या कशामुळे नाहीत. अ‍ॅग्रोवाल्याला वाटतं, आपलं काम वेगाने मारणं, मग क्रीचर (हल्ला करणारा पत्ता) हातात ठेवायचं कशाला? माझीही हीच समजूत होती. लाल रंगाच्या पत्त्यांचा अ‍ॅग्रो डेक घेऊन एका निळ्या-पांढऱ्या कंट्रोलसमोर बसलो होतो. पहिली टर्न त्याची होती. माझ्या तिसऱ्या टर्नचा हल्ला झाला तेव्हा त्याचं लाइफ (हे शून्य झालं की हार) १२ वर आलेलं. माझी दोन क्रीचर, मिळून ४ चा मार. तीन लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायची शक्ती, देणारे पत्ते) मोकळे, आणि हातात एकेक मानाची आणखी तीन क्रीचर: दोन २ ताकदीची, एक १ ची. त्याने आपली तिसरी टर्न काहीच न खेळता सोडली होती. मला वाटलं, अडकलाय. तिन्ही उतरवली. त्याने शांतपणे चौथा लँड ठेवला, चारही टॅप केले (आडवे करून वापरले) आणि रॅथ ऑफ गॉड हा टेबलावरची सगळी क्रीचर मारणारा चार मानाचा पत्ता खेळला. पाचही क्रीचर ग्रेव्हयार्डात (बाद पत्त्यांच्या ढिगात). माझ्या हातात उरले दोन माउंटन, म्हणजे नुसते लँड.

हिशोब बघा. ४ च्या माराने १२ लाइफ संपवायला तीन हल्ले लागतात. २ ताकदीचं एक क्रीचर वाढवलं की मार ६, म्हणजे दोन हल्ले. ते उतरवणं बरोबरच होतं. पण उरलेली दोन टाकून मार ९ झाला तरी पहिल्या हल्ल्यानंतर ३ लाइफ शिल्लक राहतं, म्हणजे पुन्हा दोनच हल्ले. नेमका लायटनिंग बोल्ट (३ चा मार देणारा पत्ता) ओढला असता तर ते ३ संपले असते. पण उरलेल्या ५० पत्त्यांत बोल्ट चार, म्हणजे शंभरात आठ वेळा. तेवढ्यासाठी मी अख्खा हात पणाला लावला. ती दोन मागे ठेवली असती, तर रॅथनंतर त्याचे सगळे लँड टॅप असताना बिनधास्त उतरवता आली असती.

तेव्हापासून क्रीचर खेळण्याआधी मी एकच मोजतो: याने एक हल्ला कमी होतोय का? होत नसेल आणि समोर चौथा लँड पडायचा असेल, तर पत्ता हातातच राहतो.

येईल त्याला काउंटर

हा कंट्रोलवाल्यांचा रोग. दुसऱ्या टर्नला साधं २/२ (२ ताकद, २ सहनशक्ती) क्रीचर आलं की लगेच काउंटरस्पेल, म्हणजे समोरचा खेळत असलेला पत्ता रद्द करणारा पत्ता. अरे, ते क्रीचर रॅथमध्ये जाणारच आहे! दोन निळ्या मानाचा तो पत्ता राखायचा तो रॅथ ज्याला हात लावू शकत नाही त्यासाठी: बर्न (बोल्टसारखे थेट मार देणारे पत्ते), प्लेन्सवॉकर (टेबलावर राहून दर टर्नला मदत करणारा, पण क्रीचर नसलेला पत्ता), रॅथनंतर धावत येणारं हेस्टचं (उतरल्या टर्नलाच हल्ला करणारं) क्रीचर. सुरुवातीचं २० लाइफ खर्च करण्यासाठीच असतं. मात्र लाल डेकसमोर ६ म्हणजे दोन बोल्ट. मी लाइफ कागदावर लिहितो आणि ६ वर किंवा त्याखाली आलो की रेघ ओढतो. त्या रेघेनंतर क्रीचरांकडे बघतो, पण काउंटर बोल्टसाठीच ठेवतो.

आपली भूमिका न ओळखणं

मॅजिकवर लिहिणारे माइक फ्लोरेस यांनी १९९९ मध्येच हे लिहून ठेवलं: प्रत्येक डावात एक जण मारणारा असतो, दुसरा थोपवणारा, आणि आपण कोण हे चुकलं की डाव जातो. दोन लाल डेक समोरासमोर आले तर जो जरा संथ, त्याने बोल्ट समोरच्याच्या तोंडावर न टाकता क्रीचरवर टाकायचे. हे सांगितलं की नवीन मुलं मान डोलावतात आणि पुढच्याच टर्नला तोंडावर टाकतात.

लँड कमी करणं

आवडीचा पत्ता बसत नाही म्हणून लँड काढू नका. ६० पत्त्यांच्या लाल डेकला २० च्या आसपास, कंट्रोलला २६–२७. २० लँड असले तर सात पत्त्यांच्या हातात सरासरी दोनच्या थोडे वर येतात, २६ असले तर तीन.

एक लँडचा हात ठेवणं

२०१९ पासून पहिल्या मुलिगनमध्ये (सुरुवातीचा हात परत करून नवा घेण्यात) पुन्हा सात पत्ते बघायला मिळतात, त्यातला एक गठ्ठ्याच्या तळाशी जातो. एवढी सोय असताना जुगार कशाला?

जिंकलेली यादी उचलणं

याचा मला मनापासून राग येतो. स्पर्धेत जिंकलेला डेक नेटवरून जसाच्या तसा घ्यायचा, महागडे पत्ते जमवायचे आणि तीन डाव हरले की दुसरा डेक. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! त्या यादीतले साइडबोर्डचे (दोन डावांच्या मध्ये बदलायला बाजूला ठेवलेले) १५ पत्ते त्या दिवशी त्या हॉलमध्ये बसलेल्या डेकांसाठी निवडलेले असतात. तुमच्या गटात चार जण लाल खेळत असतील तर ते १५ तुम्हीच ठरवायला हवेत. मी नवीन डेकचे निदान तीस डाव एकही पत्ता न बदलता खेळतो आणि प्रत्येक हरलेल्या डावानंतर हातात अडकून राहिलेला पत्ता वहीत लिहितो. एकच नाव चार-पाचदा आलं, तर तो पत्ता जातो.

कंट्रोल घेऊन रेंगाळणं

स्पर्धेत तीन डावांच्या फेरीला सहसा ५० मिनिटं मिळतात, वेळ संपल्यावर फक्त पाच टर्न. जिंकत आलेली फेरी बरोबरीत सुटते. घरी घड्याळ लावून सराव करा, आणि पुढचा लँड कुठला ठेवायचा हे समोरच्याच्या टर्नमध्येच ठरवून ठेवा.