दूरच्या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर कसं मोजाल?

सपाट नकाशावर पट्टी ठेवून लांबचं अंतर काढलं की हमखास चुकतं. त्यापेक्षा हे करा:

1. संगणकावर गुगल मॅप्स उघडा. पहिल्या विमानतळाच्या धावपट्टीवर राइट-क्लिक करून 'अंतर मोजा' निवडा.
2. दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. रेघ वाकडी दिसेल, पण गोल पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच.
3. आकडा मैलांत आला तर 1.609 ने गुणा. विमानवाले वापरतात तो सागरी मैल वेगळा, त्याला 1.852 ने गुणायचं.

नेट नसेल तर पृथ्वीगोल आणि दोरा पुरे, आणि मुलांना तर हीच रीत दाखवावी. दोरा दोन्ही ठिकाणांमध्ये ताणून धरा, लांबी मोजा. विषुववृत्तावरून गोलाचा घेरही मोजा. लांबीला घेराने भागून 40,000 ने गुणलं की किलोमीटर मिळतात. घेर 94 सेंटिमीटर आणि दोरा 20 भरला, तर अंतर साधारण 8,500 किमी.

मात्र या आकड्यावरून प्रवासाचा वेळ ठरवू नका. हेलसिंकी-टोकियो अंतर सुमारे 7,800 किमी आहे, पण 2022 पासून रशियाचं आकाश टाळावं लागत असल्याने विमानं बराच मोठा वळसा घेतात.