प्युअर डेटाच्या तारा एजंट का तोडत होता

प्युअर डेटा म्हणजे आवाज आणि संगीतासाठीचं चित्ररूप प्रोग्रामिंगचं साधन. त्यातला पॅच, म्हणजे प्रोग्राम, दिसतो चौकटी आणि तारांचा, पण फाइल साधा मजकूर असते. त्यामुळे एआय एजंटाला ती वाचता यायची. बदल करायला सांगितला की मात्र पॅच मुका.

घोळ तारांमध्ये होता. फाइलमधली 'कनेक्ट २ ० ५ १' ही ओळ म्हणजे २ क्रमांकाच्या चौकटीच्या पहिल्या आउटलेटमधून (बाहेर जाण्याच्या टोकातून) ५ क्रमांकाच्या चौकटीच्या दुसऱ्या इनलेटमध्ये (आत येण्याच्या टोकात) तार. मोजणी शून्यापासून. हे क्रमांक फाइलमध्ये चौकटीपाशी लिहिलेलेच नसतात, चौकट कितवी आली त्यावर ठरतात. कॉमेंट, म्हणजे नुसती टीपसुद्धा मोजली जाते! एजंटाने मध्येच एक कॉमेंट घुसवली की पुढच्या तारा भलतीकडेच.

मग एजंटासाठी टिपण लिहिलं: नवी चौकट शेवटच्या चौकटीनंतरच टाकायची, सबपॅचची (पॅचच्या आतल्या पॅचची) मोजणी वेगळी, बाहेरून तो एकच चौकट, मेसेजमधल्या स्वल्पविरामाआधी बॅकस्लॅश. सोबत एक छोटी पायथन स्क्रिप्ट दिली, ती प्रत्येक चौकटीचा क्रमांक आणि तारा छापते. माझ्या मते खरं काम तिनंच केलं. बदलानंतर पॅच उघडून कन्सोलवर, म्हणजे प्युअर डेटाच्या संदेशांच्या खिडकीत, 'कनेक्शन फेल्ड' येतं का पाहायचं. तार चुकीच्या पण चालण्याजोग्या जागी लागली तर कन्सोल गप्पच बसतो, म्हणून स्क्रिप्टने छापलेली आधीची नि नंतरची यादी ताडून घेतो.