कवडशाने निरोप: 1880 च्या घोडदळाची रीत, आपल्या हाताने

बिगुल वाजवला की तो शत्रूलाही ऐकू जातो. म्हणून एकोणिसाव्या शतकातला टेहळणीवरचा स्वार शत्रू दिसला की घोडा गोल फिरवायचा. मागची चौकी ते पाहून सावध व्हायची. नजरेच्या टप्प्यात हे पुरतं, त्यापुढे हवा आरसा. मी विज्ञान शिकवते आणि परावर्तनाचा धडा मुलांकडून याच आरशावर करून घेते, कारण इथे कोन चुकला तर निरोप पोचतच नाही.

हेन्री मान्स हा इराणी आखाताच्या तार (टेलिग्राफ) खात्यातला माणूस. त्याने 1869 मध्ये कराचीत हेलिओग्राफ, म्हणजे आरशाच्या कवडशाने निरोप देणारं यंत्र, तयार केला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. खरा कस लागला अफगाणिस्तानात. 27 जुलै 1880 ला कंदाहारजवळ मैवंदला अफगाणांनी इंग्रजांची फौज मोडली. तिच्यात तिसरी बाँबे लाइट कॅव्हलरी होती, म्हणजे भारतीय सैन्यातल्या आजच्या पूना हॉर्स या रेजिमेंटच्या पूर्वजांपैकी एक. उरलेले लोक कंदाहारात कोंडले गेले. त्यांना सोडवायला इंग्रज सेनापती रॉबर्ट्स काबूलहून सुमारे 10,000 सैनिक घेऊन निघाला. 27 ऑगस्टला त्याने आपला अधिकारी ह्यू गफ याला घोडदळाच्या दोन रेजिमेंटी देऊन पुढे रोबातला पाठवलं आणि तिथून सुमारे 20 मैलांवरच्या कंदाहारशी आरशाने बोलणं सुरू झालं. तोडायला तार नाही, ऐकायला आवाज नाही.

आता आपला आरसा. सुमारे 5 इंच व्यासाचा साधा सपाट गोल आरसा घ्या. मेकअपचा फुगीर नको. मागच्या बाजूने बरोबर मध्यावरची कलई 4-5 मिलिमीटर खरवडून काढा, म्हणजे आरपार दिसेल. आरसा कॅमेऱ्याच्या तिपाईवर बसवा, आडवा आणि उभा दोन्हीकडे वळेल असा. पुढे साधारण एका फुटावर एक सळई उभी करा आणि तिच्यावर पांढऱ्या पुठ्ठ्याचा छोटा तुकडा लावून त्यावर फुली काढा.

नेम धरणं हे खरं काम, इथे घाई करू नका. आधी आरशावर कापड टाका. मागून भोकातून पाहा आणि सळई सरकवत फुली समोरच्या ठाण्यावर, म्हणजे निरोप घेणारे उभे आहेत त्या जागेवर, आणा. मग कापड काढा आणि आरसा वळवा. कवडसा पुठ्ठ्यावर पडेल आणि त्याच्या मधोमध एक काळा ठिपका दिसेल. कलई नाही तिथून उजेड परतत नाही, म्हणून तो ठिपका. ठिपका फुलीवर आला की तुमचा कवडसा ठाण्यावर पोचलाच. मान्सची ही युक्ती मला आजही थक्क करते. भोकातून सूर्याकडे मात्र चुकूनही पाहायचं नाही.

सूर्याचा कवडसा अर्ध्या अंशाएवढा पसरतो. 20 मैलांवर त्याची रुंदी होते जेमतेम 300 मीटर. त्या पट्ट्याबाहेर उभ्या माणसाला काही दिसत नाही, गुपित टिकतं ते यामुळे. पण सूर्यही दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. त्यामुळे एकाने निरोप द्यायचा आणि दुसऱ्याने ठिपका सतत फुलीवर आणत राहायचं. हा दुसरा गडी चांगला हवा.

निरोप मोर्समध्ये, म्हणजे छोट्या आणि लांब झळकांच्या लिपीत. आरसा मागे खेचायला रबरबँड आणि तो ठरावीक जागी अडावा म्हणून एक स्क्रू लावा. आरसा सोडलेला असताना ठिपका फुलीच्या जरा खाली राहावा, आरसा बोटाने दाबला की फुलीवर यावा. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, म्हणून केसाएवढी हालचाल पुरते. प्रत्येक शब्दानंतर थांबा. समोरच्याने एक लांब झळक दिली की पुढचा शब्द. घेणाऱ्या ठाण्यावरही दोघं हवेत: एक दुर्बिणीतून अक्षरं वाचून सांगणारा, दुसरा लिहिणारा. नजर काढून लिहायला गेलात तर अक्षर गेलंच.

सूर्य पाठीमागे असेल तर एका आरशाने भागत नाही. दुसरा आरसा सूर्याकडे तोंड करून ठेवा आणि त्याचा उजेड पहिल्यावर घ्या.

सुरुवात शाळेच्या मैदानावर करा, मग दोन टेकड्यांवर. सिंहगड ते पुरंदर हे हवाई अंतर सुमारे 25 किलोमीटर, म्हणजे 5 इंची आरशाला सहज. विमानावर किंवा रस्त्यावरच्या गाड्यांवर कवडसा कधीही टाकू नका. दिवस निवडाल ते दिवाळीनंतरचे, दहा वाजून गेल्यावर, दरीतलं धुकं विरल्यावर. एप्रिलमध्ये ऊन कडक असतं, पण धुरळ्याने समोरचा गडच दिसत नाही.