घरी बिल्ड होतं, एसबिल्डमध्ये अडतं: डेबियन पॅकेजचा अनुभव

ठाण्यात आम्ही काही जण मराठी शुद्धलेखन तपासणारं एक छोटं साधन डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पॅकेज म्हणून आणत होतो. डब्ल्यूएनपीपीवर, म्हणजे डेबियनच्या नव्या आणि मदत हव्या असलेल्या पॅकेजांच्या यादीवर, आयटीपी बग (हे पॅकेज आम्ही करतोय अशी नोंद) नोंदवून झाला होता. नौपाड्यातल्या लॅपटॉपवर बिल्ड व्हायचं (सोर्स कोडपासून पॅकेज तयार व्हायचं), पण एसबिल्ड या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या कोऱ्या क्रूटमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या वातावरणात) पॅनडॉक हे दस्तऐवजांचं रूपांतर करणारं साधन सापडत नाही म्हणून थांबायचं. लॅपटॉपवर पॅनडॉक आधीपासून होतं. कोऱ्या क्रूटमध्ये मात्र बिल्ड-इसेन्शियल (बिल्डची मूलभूत साधनं) आणि पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलच्या बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, लिहिलेलंच येतं, म्हणून पॅनडॉक त्या यादीत जोडलं.

मग बिल्डच्या वेळी चालणारी एक चाचणी नापास झाली, कारण ती नेटवरून शब्दयादी उतरवत होती. मेन या डेबियनच्या मुख्य विभागातल्या पॅकेजला बिल्डच्या वेळी नेट वापरायला डेबियनच्या धोरणात मनाई आहे. क्विल्ट या साधनाने पॅच (सोर्समधल्या बदलाची वेगळी फाइल) करून ती चाचणी वगळली. मूळ सोर्सला थेट हात लावू नका. बदल डेबियन/पॅचेस या फोल्डरमध्येच हवा.

पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या लिंटियनने काही दाखवलं नाही तरी कॉपीराइट फाइल नीट वाचाच. आमच्याकडे कोडला जीपीएल ३ हा परवाना, पण सोबतच्या फॉन्टला ओएफएल हा फॉन्टसाठीचा मुक्त परवाना. दोन्ही स्वतंत्र परिच्छेदांत नोंदवले. न्यू या नव्या पॅकेजांच्या रांगेत हे माणसं तपासतात, नोंद चुकली तर पॅकेज परत येतं. चेंजलॉग या बदलांच्या फाइलच्या पहिल्या नोंदीत 'क्लोजेस' आणि आयटीपी बगचा क्रमांक टाका, म्हणजे पॅकेज स्वीकारलं की बग आपोआप बंद होतो.